संघर्षातून सावरणाऱ्या देशातील लोकमताचे मापन : अफगाणिस्तानातील सर्वेक्षणांचा अनुभव

प्रस्तावना

२५ फेब्रुवारी १९९० रोजी निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. जवळजवळ दशकभर चाललेल्या यादवी युद्धाने हा देश पोखरून निघाला होता. निवडणुकीपूर्वीच्या अनेक मतचाचण्यांनी सत्तारूढ सँदिनिस्ता पक्षाचे दानिएल ओर्तेगा मोठ्या फरकाने निवडून येतील असे भाकीत केले होते. प्रत्यक्षात विरोधी आघाडीच्या व्हियोलेता चामोरो यांना सुमारे ५५ टक्के आणि ओर्तेगा यांना सुमारे ४१ टक्के मते मिळाली. नमुना निवडीच्या तंत्रात चूक झाली असती तर हा प्रसंग संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एक उदाहरण म्हणून उरला असता. परंतु कॅथरीन बिशॉपिंग आणि हॉवर्ड शुमन यांनी त्याच निवडणुकीच्या तोंडावर केलेल्या एका प्रयोगाने निराळीच बाब पुढे आणली.

प्रयोग अगदी साधा होता. मुलाखतकाराच्या हातातील पेन तेवढे बदलायचे. काही मुलाखतींत त्या पेनावर सँदिनिस्ता पक्षाची घोषणा होती, काहींत विरोधी आघाडीची खूण होती आणि उरलेल्यांत कोणत्याच पक्षाची खूण नसलेले पेन होते. प्रश्न तेच, मुलाखतकारही तेच. विरोधी आघाडीचे पेन असलेल्या मुलाखतींत चामोरो पुढे राहिल्या, तर सँदिनिस्तांचे पेन असताना ओर्तेगा पुढे राहिले. खरा बोध मात्र तिसऱ्या पेनाने दिला. खूण नसलेले पेन पाहूनही लोकांनी ओर्तेगांच्याच बाजूने उत्तरे दिली. याचा अर्थ असा की, मुलाखतकार स्वतःला तटस्थ समजत असला तरी उत्तरदाता त्याला तटस्थ मानत नव्हता. दारात वही घेऊन उभा राहिलेला अनोळखी माणूस सरकारचाच असणार, असे त्याने गृहीत धरले होते.

संघर्षातून बाहेर पडणाऱ्या समाजात लोकमत मोजण्याचा प्रश्न या पेनापासून सुरू होतो. स्थिर लोकशाही देशांत विकसित झालेल्या सर्वेक्षण पद्धतीमागे तीन गृहीतके असतात. लोकसंख्येची विश्वासार्ह यादी उपलब्ध आहे, निवडलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचता येते आणि उत्तर दिल्यामुळे त्या व्यक्तीचे काही बिघडत नाही, ही ती गृहीतके होत. आपल्याकडील लघुशोधप्रबंधांत मर्यादांच्या परिच्छेदात ‘उत्तरदात्यांनी खरी उत्तरे दिली आहेत असे गृहीत धरले आहे’ असे एक वाक्य हमखास आढळते. शांत प्रदेशात ते खपून जाते. जेथे उत्तरावरून जीव जाऊ शकतो तेथे ते वाक्य म्हणजेच संपूर्ण संशोधनाचा विषय होऊन बसतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने २००४ ते २०२१ या काळातील अफगाणिस्तानच्या संदर्भात केला आहे. ‘संघर्षातून सावरणारा देश’ हे विशेषण या देशाला ज्या वर्षांत लावले गेले, त्याच वर्षांत तेथे इतिहासातील सर्वाधिक मतसर्वेक्षणे झाली. ते विशेषण कितपत खरे होते, हे सर्वेक्षणांनी सांगावे अशी अपेक्षा होती.

यादीच नसलेल्या देशातील नमुना

२००१ च्या अखेरीस तालिबानची पहिली राजवट कोसळली. त्यानंतर एशिया फाउंडेशन या संस्थेने २००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे ८०० व्यक्तींचे एक छोटे सर्वेक्षण केले. २००६ पासून हे काम दरवर्षी होऊ लागले व २०१९ पर्यंत सलग चालले. २००६ मध्ये ६,२२६ व्यक्तींच्या मुलाखती झाल्या आणि ३४ पैकी ३२ प्रांत त्यात आले. २०१९ मध्ये हा आकडा १७,८१२ पर्यंत पोहोचला होता व सर्व प्रांतांचा समावेश होता. अहवाललेखनात प्रादेशिक अभ्यासकांचाही सहभाग राहिला. उदाहरणार्थ, २००९ च्या अहवालाच्या लेखकांत काठमांडूचे सुधींद्र शर्मा व पवन सेन यांची नावे आढळतात. युद्धग्रस्त देशात एवढ्या सातत्याने झालेले दुसरे सर्वेक्षण शोधून सापडणे कठीण आहे.

पहिली अडचण लोकसंख्येचीच होती. अफगाणिस्तानात आजवर एकच राष्ट्रीय जनगणना झाली आहे, ती १९७९ मध्ये, आणि तीही अपूर्ण राहिली. त्यानंतरच्या चार दशकांत लाखो लोक पाकिस्तान व इराणमध्ये गेले, त्यांतील अनेक परतले, काबूलची वस्ती कितीतरी पटींनी वाढली. नमुना आराखडा मात्र सरकारी सांख्यिकी कार्यालयाच्या अंदाजांवर बेतावा लागत होता. कोणत्या वांशिक गटाचे प्रमाण किती, हा तेथे राजकीयदृष्ट्या स्फोटक प्रश्न आहे. त्यामुळे भारांकन करताना संशोधकाला नकळत एका वादात बाजू घ्यावी लागते.

दुसरी अडचण भूगोलाची. बहुस्तरीय यादृच्छिक पद्धतीने प्रांत, जिल्हा, गाव असे टप्पे ठरले, तरी ऐन वेळी ते गाव लढाईच्या टापूत असल्याचे कळे. मग त्याऐवजी दुसरे गाव निवडले जाई. कागदावर ही ‘प्रतिस्थापना’ असते. प्रत्यक्षात एका अशांत गावाच्या जागी एक शांत गाव येते. असे दरवर्षी घडत गेले की देशाचे जे चित्र उभे राहते ते मुलाखतकाराला जाता येईल अशा देशाचे असते. २००६ मध्ये वगळलेले दोन प्रांत उरुझगान आणि झाबुल होते, दोन्ही दक्षिणेतील, जेथे बंडखोरी जोरात होती. पुढील काळात यावर उपाय म्हणून दुर्गम जिल्ह्यांतील रहिवासी बाजारात किंवा रस्त्यावर भेटतील तेव्हा त्यांच्या मुलाखती घेण्याचा मार्ग अवलंबिला गेला. त्यामुळे मौन अंशतः भरून निघाले, पण प्रवास करणारा पुरुष हा त्या जिल्ह्याचा प्रतिनिधी मानावा लागला. घरात राहिलेली स्त्री त्या मापनातून निसटली.

एक गोष्ट येथे मोकळेपणाने नोंदवली पाहिजे. अहवालांच्या परिशिष्टांत हे सारे तपशील दिलेले असत. वृत्तपत्रांपर्यंत आणि मंत्रालयांपर्यंत मात्र केवळ टक्केवारी पोहोचत असे.

दारात उभा असलेला प्रश्नकर्ता

गाव मिळाल्यावर मशीद, शाळा किंवा बाजार अशा एखाद्या ठिकाणापासून निघून ठराविक अंतराने घरे घ्यायची, आणि घरातील सदस्यांतून एकाची निवड लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेल्या कोष्टकाने करायची, अशी सर्वसाधारण पद्धत होती. पुरुषांची मुलाखत पुरुषाने व स्त्रियांची स्त्रीने घ्यायची हा नियम तर अनिवार्यच होता. मात्र स्त्री मुलाखतकाराला गावोगाव जाण्यासाठी सोबत नात्यातील पुरुष लागे. खर्च दुप्पट होई आणि अशांत भागात अशा स्त्रिया मिळणेच अवघड होते. त्यामुळे स्त्रियांचे मत हे तुलनेने सुरक्षित गावांतील स्त्रियांचे मत होण्याकडे कल राहिला.

एकांतातील मुलाखत ही कल्पनाही तेथे अवघड ठरते. पाहुणा आला की घरातील वडीलधारी माणसे येऊन बसतात, शेजारी डोकावतात. त्यांना बाहेर जायला सांगणे हा अवमान होय आणि त्यातून संशयही वाढतो. गावात शिरण्यापूर्वी ज्येष्ठांची संमती घेणे आवश्यकच असे. त्यामुळे मुलाखत कोणाच्या परवानगीने होत आहे हे उत्तरदात्याला आधीच ठाऊक झालेले असे.

धोका मुलाखतकारालाही होता. परक्यांसाठी माहिती गोळा करणारा म्हणजे हेर, अशी समजूत दोन्ही बाजूंना असू शकते. अशा परिस्थितीत धोकादायक गावी न जाता घरबसल्या प्रश्नावली भरून टाकण्याचा मोह होणे मानवी आहे. ही अडचण केवळ अफगाणिस्तानची नाही. नोबल कुरियाकोस आणि मायकेल रॉबिन्स यांनी २०१६ मध्ये अनेक देशांतील सर्वेक्षणांची आकडेवारी तपासून असे सुचविले की, दोन उत्तरदात्यांची उत्तरे ८५ टक्क्यांहून अधिक जुळत असतील तर बनावटीचा संशय घ्यावा. प्यू संशोधन केंद्राच्या अभ्यासकांनी या निकषावर आक्षेप घेतला. प्रश्नांची संख्या कमी असेल किंवा समाज एकजिनसी असेल तर प्रामाणिक उत्तरेही एवढी जुळू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद मिटलेला नाही. या संदर्भात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमधील पीक सर्वेक्षणांसाठी विकसित केलेल्या परस्परव्यापी उपनमुन्यांच्या तंत्राची आठवण होते. एकाच क्षेत्रातून दोन स्वतंत्र गटांनी स्वतंत्र नमुने घ्यायचे आणि दोन्ही निष्कर्ष ताडून पाहायचे, हा तो विचार. कार्यकर्त्याच्या चुकीचे मोजमाप नमुन्याच्या रचनेतच गुंफण्याची ही कल्पना भारतातच परिपक्व झाली, परंतु दुप्पट जोखमीमुळे युद्धक्षेत्रात ती सहसा परवडत नाही.

थेट प्रश्न आणि आडवळणाचा प्रश्न

‘तुमचा तालिबानला पाठिंबा आहे काय?’ हा प्रश्न अनोळखी माणसाने विचारला तर त्याचे खरे उत्तर मिळेल, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. म्हणून संशोधकांनी अप्रत्यक्ष पद्धती शोधल्या. जेसन लायल, ग्रॅमी ब्लेअर आणि कोसुके इमाई यांनी २०११ च्या आरंभी हेलमंद, खोस्त, कुनार, लोगार व उरुझगान या पश्तूनबहुल प्रांतांतील २०४ गावांत २,७५४ पुरुषांच्या मुलाखतींवर आधारित जो अभ्यास केला, तो या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

त्यांनी दोन तंत्रे वापरली. पहिले समर्थन-प्रयोगाचे. जिल्हा परिषदांच्या थेट निवडणुका, तुरुंग सुधारणा यांसारखे प्रस्ताव उत्तरदात्यापुढे ठेवायचे व त्याचे मत विचारायचे. एका गटाला केवळ प्रस्ताव सांगायचा, दुसऱ्या गटाला त्यास तालिबानचा पाठिंबा असल्याचे सांगायचे, तिसऱ्याला परकीय सैन्याचा पाठिंबा असल्याचे सांगायचे. गट यादृच्छिक रीतीने पाडलेले असल्याने उत्तरांतील फरक हा त्या नावाचा परिणाम मानता येतो. उत्तरदाता तुरुंगांविषयी बोलत असतो, तालिबानविषयी नव्हे. त्यामुळे त्याच्यावर कोणताही ठपका येत नाही.

या तंत्राने हाती आलेला निष्कर्ष महत्त्वाचा होता. परकीय सैन्याच्या हातून झळ पोहोचलेल्यांत त्या सैन्याचा पाठिंबा घटत होता आणि तालिबानचा वाढत होता. तालिबानच्या हातून झळ पोहोचली असता मात्र परकीय सैन्याच्या पाठिंब्यात तशी वाढ होत नव्हती. आपल्या माणसाने केलेला घाव आणि परक्याने केलेला घाव यांचा हिशेब लोक वेगवेगळ्या वहीत मांडत होते. ‘जनतेचे मन जिंकणे’ या सूत्रावर आधारलेल्या लष्करी धोरणाला हा निष्कर्ष अडचणीचा होता.

दुसरे तंत्र सूची-प्रयोगाचे. उत्तरदात्यांचे ९१८ जणांचे तीन गट पाडले गेले. पहिल्या गटाला तीन नावांची सूची दिली : करझाई सरकार, ग्रामविकासाची राष्ट्रीय ऐक्य योजना आणि स्थानिक शेतकरी. यांपैकी किती जणांना तुमचा पाठिंबा आहे, एवढाच आकडा सांगायचा, नावे सांगायची नाहीत. दुसऱ्या गटाच्या सूचीत परकीय सैन्य हे चौथे नाव होते, तिसऱ्या गटाच्या सूचीत तालिबान. गटांच्या सरासरीतील फरक म्हणजे चौथ्या नावाला असलेला पाठिंबा. तीन नावांच्या गटात १८८ जणांनी शून्य आणि २०० जणांनी तीन असे उत्तर दिले. परकीय सैन्याचे नाव असलेल्या गटात शून्य सांगणारे १७४ होते व चार सांगणारे २४. येथपर्यंत आकडे नेहमीसारखे वागले आणि परकीय सैन्याचा पाठिंबा सुमारे ५ टक्के निघाला.

तालिबानचे नाव असलेल्या गटात काय घडले? ९१८ पैकी शून्य हे उत्तर देणारा एकही निघाला नाही. चार हे उत्तर देणाराही एकही निघाला नाही. ४३३ जणांनी एक सांगितले, २८७ जणांनी दोन आणि १९८ जणांनी तीन.

या दोन शून्यांचा अर्थ लावताना घाई करून चालणार नाही. चार सांगणे म्हणजे सूचीतील सर्वांना, अर्थात तालिबानलाही, पाठिंबा असल्याची कबुली. ती टाळली जाणे समजण्यासारखे आहे. परंतु शून्य सांगणे म्हणजे तालिबानला पाठिंबा नसल्याची कबुली. तीही तितकीच टाळली गेली. ज्यांना इतर कोणीच मान्य नाही अशी माणसे पहिल्या गटात पाचांत एक होती. तिसऱ्या गटातही तेवढीच असणार. ती सर्वच्या सर्व, एकही अपवाद न होता, तालिबानची समर्थक होती असे मानणे कठीण आहे. अधिक संभाव्य स्पष्टीकरण असे की, ज्या उत्तरावरून आपले मत निश्चितपणे ओळखता येईल ते उत्तरच लोकांनी वर्ज्य केले. संशोधकाने आखलेली आडवाट त्यांनी ओळखली व तिच्याही मध्यभागी चालणे पसंत केले. सूत्रानुसार सरासरी काढली तर तालिबानचा पाठिंबा सुमारे २२ टक्के येतो. हा आकडा दिसायला निर्दोष आहे आणि म्हणूनच घातक आहे. ज्याने मूळ वारंवारता पाहिली नाही त्याला तो खोटा असल्याचा संशयही येणार नाही. निरक्षर मानल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी संख्याशास्त्राच्या एका सफाईदार साधनाची मर्यादा अशी दाखवून दिली.

२०१९ ची टक्केवारी आणि २०२१ चा ऑगस्ट

एशिया फाउंडेशनच्या वार्षिक सर्वेक्षणात ‘देश योग्य दिशेने चालला आहे काय?’ हा प्रश्न आरंभापासून होता. २००६ मध्ये ४४ टक्के लोकांनी होकार दिला. २०१३ मध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्क्यांवर गेले आणि २०१६ मध्ये २९ टक्क्यांपर्यंत कोसळले. २०१९ मध्ये ते ३६ टक्के होते. परकीय फौजांची लढाऊ मोहीम २०१४ च्या अखेरीस संपली व सप्टेंबर २०१५ मध्ये कुंदुझ शहर काही काळ तालिबानच्या हाती गेले, हे ध्यानात घेता हा आलेख देशाच्या अनुभवाशी सुसंगत दिसतो. भीतीमुळे प्रत्येक उत्तर खोटेच ठरते, असे म्हणणाऱ्यांना हा आलेख उत्तर देतो. एखाद्या वर्षाची टक्केवारी संशयास्पद असली तरी तीच चूक दरवर्षी सारखी राहत असेल, तर चढउतार काही तरी खरे सांगतात.

तालिबानविषयीच्या सहानुभूतीचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. २००९ मध्ये निम्म्याच्या आसपास लोक सशस्त्र विरोधी गटांविषयी थोडीफार सहानुभूती व्यक्त करीत होते. २०१९ मध्ये तालिबानविषयी अशी सहानुभूती सांगणारे १३ टक्केच राहिले आणि सुमारे ८५ टक्के लोकांनी मुळीच सहानुभूती नसल्याचे सांगितले. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, १५ ऑगस्ट २०२१ रोजी, तालिबानने जवळजवळ प्रतिकाराशिवाय काबूल ताब्यात घेतले.

मग सर्वेक्षण खोटे ठरले काय? प्रश्न असा विचारणे हीच मूळ गफलत आहे. सहानुभूती नसणे आणि विरोधात शस्त्र उचलण्याची तयारी असणे या भिन्न गोष्टी होत. प्रश्नावलीने पहिली मोजली, वाचकांनी तिला दुसरी समजून घेतले. त्याच २०१९ च्या अहवालात तालिबानशी गाठ पडल्यास भीती वाटेल असे सांगणारे दहांत नऊहून अधिक होते आणि शांतता वाटाघाटींना पाठिंबा देणारेही फार मोठ्या बहुमताने होते. सहानुभूती नाही, भीती आहे, आणि तडजोड हवी आहे, ही तिन्ही उत्तरे एकत्र वाचली असती तर लढून राज्य टिकविण्याची उमेद त्यांतून वाचता येत नाही. शिवाय राज्ये लोकमताच्या सरासरीवर पडत नाहीत. सैनिकांचे थकलेले पगार, २९ फेब्रुवारी २०२० चा दोहा करार, प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी केलेले समझोते यांनी निकाल लावला. यांतील एकही गोष्ट घरोघरी जाऊन विचारण्यासारखी नव्हती.

येथे सर्वेक्षणाच्या आश्रयदात्याचा प्रश्नही येतो. वार्षिक सर्वेक्षणाला अनेक वर्षे अमेरिकी शासनाच्या विकास संस्थेचे अर्थसाहाय्य होते. परकीय सैन्याच्या आघाडीचे स्वतःचे त्रैमासिक सर्वेक्षणही वेगळे चाले. जो लढतो आहे, राज्य उभारतो आहे आणि त्या राज्याविषयी लोकांना काय वाटते हेही मोजतो आहे, त्याच्या हाती आकडेवारी प्रगतिपुस्तकासारखी येते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिये यांनी १९७३ मध्ये लोकमत अशी वस्तूच अस्तित्वात नसते असा जो टोकाचा दावा केला, तो सर्वस्वी स्वीकारण्याचे कारण नाही. प्रश्न कोणाच्या गरजेतून जन्माला येतात, ही त्यांची पृच्छा मात्र अफगाणिस्तानात पदोपदी लागू पडते. ‘सरकारवर तुमचा किती विश्वास आहे?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला गेला. सरकार पडले तर आपण काय कराल, हा प्रश्न विचारण्यात प्रश्नकर्त्यांना स्वारस्य नव्हते.

ऑगस्ट २०२१ नंतर

गॅलप संस्थेने सत्तांतराच्या सुमारास व त्यानंतरही अफगाणिस्तानात मुलाखती घेतल्या. स्वतःच्या आयुष्याला शून्य ते दहा या शिडीवर स्थान द्यायला सांगणारा त्यांचा प्रश्न राजकीय नाही, बहुधा म्हणूनच तो विचारता आला. २०२२ मध्ये ९८ टक्के लोकांची उत्तरे ‘हालअपेष्टा’ या वर्गात पडली.

डिसेंबर २०२२ मध्ये तालिबान प्रशासनाने स्वयंसेवी संस्थांत स्त्रियांनी काम करण्यास बंदी घातली. स्त्रियांची मुलाखत स्त्रीनेच घ्यायची हा नियम आणि ही बंदी एकत्र ठेवली असता निम्म्या लोकसंख्येचे घरी जाऊन मत घेण्याचा मार्ग किती अरुंद झाला हे स्पष्ट होते. त्यामुळे दूरध्वनी व आंतरजालाद्वारे विचारणा करण्याकडे संशोधक वळले. पण फोन घरातील कोणाच्या हातात असतो, हा नमुना निवडीचा नवा प्रश्न आहे. अशा मुलाखतींत सुरुवातीलाच तुम्ही सध्या मोकळेपणाने बोलू शकता काय, असे विचारावे लागते आणि पुढील प्रश्न असे रचावे लागतात की त्यांचे उत्तर केवळ ‘हो’, ‘नाही’ किंवा एखादा आकडा असेल. शेजारी बसलेल्या माणसाला प्रश्न ऐकू येत नाही, फक्त उत्तर ऐकू येते. ‘तीन’ असे म्हटल्याने त्याला काही कळत नाही.